गोगलगायींचा मुलूख आणि मालवण किनाऱ्यावरील बागायत

मृगाच्या सरी कोसळू लागल्या आणि जांभ्याच्या गडग्यांवर शेवाळ धरू लागले, की मालवण तालुक्यातील माड-पोफळीच्या बागांतून गोगलगायी बाहेर पडतात. वर्षातील उरलेले सात-आठ महिने हा प्राणी कोठे असतो, याचा विचार सहसा कोणी करीत नाही. ‘गोगलगाय आणि पोटात पाय’ या म्हणीने त्याची वरून गरीब व आतून लबाड अशी संभावना करून आपण मोकळे झालो आहोत. परंतु 2022 च्या जून-जुलै महिन्यांत लातूर, बीड व उस्मानाबाद (सध्याचा धाराशिव) या जिल्ह्यांत गोगलगायींनी सोयाबीनची कोवळी रोपे जमिनीलगत कुरतडून टाकली आणि अनेकांवर दुबार पेरणीची पाळी आली. तेव्हापासून ‘शंखी गोगलगाय’ हे नाव कोकणातही सर्वतोमुखी झाले आहे. त्याबरोबरच दिसेल ती गोगलगाय पिकाची वैरीण आहे, अशी समजूतही पसरू लागली आहे. ही समजूत चुकीची असून बागायतदारास नुकसानकारक आहे. कोणती गोगलगाय कोठे राहते व तेथेच का राहते हे समजल्यावाचून कोणती वेचावयाची आणि कोणती सोडून द्यावयाची, हे ठरविता येत नाही.

मुलूख कशाने ठरतो

जमिनीवरील गोगलगाय ही समुद्रातील शंख-शिंपल्यांच्याच मोठ्या कुळातील असली, तरी ती फुप्फुसाने श्वास घेते. तिचे अंग उघडे व ओलसर असते. कोरड्या हवेत व उन्हात त्यातील पाणी झपाट्याने उडून जाते. म्हणून रात्री, पहाटे किंवा झडीच्या पावसात ती हिंडते आणि ऊन पडताच पाचोळ्याखाली, दगडाच्या फटीत अथवा मातीत शिरते. कोरडा काळ लांबला की शंखात अंग ओढून घेऊन तोंडावर पातळ पडदा धरते आणि पुढील पावसापर्यंत निपचित पडून राहते. ओलावा आणि सावली यांच्याइतकीच तिसरी गरज असते ती चुन्याची. शंख हा मुख्यतः चुन्याच्याच क्षाराचा बनलेला असतो आणि तो क्षार तिला माती, पाचोळा, दगड किंवा भिंतीचा गिलावा यांतून मिळवावा लागतो. जुन्या वाड्यांच्या चुनेगच्ची भिंती गोगलगायी खरवडीत असल्याचे अनेकांनी पाहिले असेल. त्याचे कारण हेच.

या तीन गरजांत चौथी अडचण मिळवावी लागते, ती तिच्या चालीची. पक्षी डोंगर ओलांडतो, बी वाऱ्यावर जाते. परंतु गोगलगायीस एखादा उघडा, तापलेला सडा ओलांडणेदेखील दुरापास्त असते. त्यामुळे एका ओल्या दरीतील गोगलगायी शेजारच्या दरीतील आपल्या भाईबंदांपासून हजारो वर्षे तुटून राहतात आणि कालांतराने निराळ्या जाती म्हणून ओळखल्या जाऊ लागतात. गोगलगायींच्या कित्येक जातींचा मुलूख एखाद्या तालुक्याएवढाच असतो, तो यामुळे.

देशाचा नकाशा

भारतात जमिनीवरील गोगलगायींच्या सुमारे अकराशे जातींची नोंद झालेली आहे. या जाती देशभर सारख्या पसरलेल्या नाहीत. पश्चिम घाट, ईशान्येकडील खासी व नागा टेकड्यांसह पूर्व हिमालय आणि अंदमान-निकोबार बेटे या तीन ओल्या प्रदेशांत त्यांची दाटी आहे. मधल्या विस्तीर्ण कोरड्या पठारावर व गंगेच्या मैदानात जाती थोड्या, पण त्यांचा पसारा मोठा. ईशान्येकडील जातींचे नाते ब्रह्मदेशाकडील जातींशी जुळते. पश्चिम घाटाच्या दक्षिण भागातील काही कुळे श्रीलंकेत आढळतात. पश्चिम हिमालयाच्या उंच भागात युरोपाकडील वळणाच्या लहान गोगलगायी दिसतात. एकट्या पश्चिम घाटात अडीचशेहून अधिक जाती असून त्यांतील बहुसंख्य जगात अन्यत्र कोठेही नाहीत.

या ज्ञानाचा पाया एकोणिसाव्या शतकात घातला गेला. विल्यम ब्लॅनफर्ड हे भूवैज्ञानिक सर्वेक्षणात काम करीत असता खडकांबरोबर शंखही गोळा करीत. त्यांनी व गॉडविन-ऑस्टिन यांनी लिहिलेला भारतीय गोगलगायींवरील ग्रंथ 1908 मध्ये प्रसिद्ध झाला आणि पुढील दोन खंड गुड यांनी 1914 व 1921 मध्ये पूर्ण केले. भूवैज्ञानिकाने शंख वेचावे यात नवल नाही. ज्यास खडक कळतो त्यास गोगलगायीचा मुलूख अर्धा कळलाच.

कोरड्या मुलखातील जातींचे उदाहरण म्हणून झूटेकस इन्सुलॅरिस ही इवलीशी, लांबट शंखाची गोगलगाय घ्यावी. आफ्रिकेच्या पश्चिमेकडील केप व्हर्ड बेटांपासून अरबस्तानमार्गे भारत व ब्रह्मदेशापर्यंत ती पसरलेली आहे. रखरखीत हवेत तग धरण्याची शक्ती असल्यामुळे तिला मधले कोरडे प्रदेश आड आले नाहीत. याच्या अगदी उलट टोकाचे उदाहरण सिंधुदुर्ग जिल्ह्यातच सापडते.

किनारा ते घाटमाथा

सिंधुदुर्ग जिल्ह्याची समुद्रापासून सह्याद्रीच्या माथ्यापर्यंतची रुंदी साठ-सत्तर किलोमीटरहून अधिक नाही. तरीही एवढ्या अंतरात गोगलगायींचे तीन निरनिराळे मुलूख लागतात.

पहिला पट्टा किनाऱ्याचा. मालवण, देवगड, वेंगुर्ले या तालुक्यांतील किनाऱ्यालगतच्या वाळूत शिंपल्यांचा चुरा मिसळलेला असतो. माडांची सावली, बागेचे शिंपण, परसातील ओल आणि चुना या सर्व गोष्टी येथे एकत्र येतात. दुसरा पट्टा जांभ्याच्या सड्यांचा. वर्षाकाठी तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पडणाऱ्या पावसाने येथील मातीतील चुना धुऊन नेलेला आहे. जमीन आम्ल झाली आहे आणि उन्हाळ्यात कातळ तापून निघतो. सड्याच्या उघड्या माथ्यावर म्हणून गोगलगायी फारशा आढळत नाहीत. परंतु त्याच सड्याच्या कडेला व्हाळाकाठी किंवा देवराईत शिरले, की पाचोळ्याखाली त्या हटकून सापडतात. देवराईत कुऱ्हाड व आग फिरत नाही, पाचोळा जागच्या जागी कुजतो आणि चुन्याचा जो थोडाफार अंश झाडे वर ओढून घेतात तो पानांबरोबर पुन्हा जमिनीवर पडतो. गोगलगाय त्यावरच गुजराण करते.

तिसरा पट्टा घाटमाथ्याचा. आंबोलीस वर्षाला सात हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस होतो. तेथील अरण्यातून 2021 मध्ये एका नव्या प्रजातीची नोंद झाली. तिला वराडिया आंबोलिएन्सिस असे नाव देण्यात आले. त्यातील पहिले पद उभयचर व सरपटणाऱ्या प्राण्यांचे अभ्यासक वरद गिरी यांच्या नावावरून आणि दुसरे आंबोली या गावावरून घेतले आहे. हिचा शंख इतका लहान असतो की सबंध अंग त्यात मावत नाही. तो पाठीवर नखासारखा चिकटलेला दिसतो. जेथे चुन्याचा तुटवडा आणि ओलाव्याची रेलचेल, तेथे मोठा शंख बाळगण्याची ऐपतही नसते व फारशी गरजही पडत नाही, असा याचा अर्थ लावता येतो. पावसाळ्यात हिंडणारी ही अर्धशंखी गोगलगाय उत्तर पश्चिम घाटाच्या ओल्या अरण्यांची रहिवासी आहे. तिला मालवणच्या वाळूत आणून सोडले तर पहिल्या उन्हाळ्यातच ती संपेल.

कोकणच्या सखल भागात दिसणाऱ्या देशी जातींपैकी दोन ओळखून ठेवण्यासारख्या आहेत. सायक्लोफोरस इंडिकस हिचा शंख गोल व जाड असून तोंडावर चकतीसारखे गोल झाकण असते. हिच्या डोक्यावर चार नव्हे, दोनच शिंगे असतात आणि डोळे शिंगांच्या टोकांऐवजी बुडाशी असतात. दुसरी एरिओफँटा लीव्हिपेस. हिचा शंख चपटा व डाव्या वळणाचा असतो. डावे-उजवे ठरविताना शंखाचे टोक वर व तोंड आपल्याकडे धरावे. तोंड डाव्या हातास आले तर शंख डावा. येथे एक खुलासा करावयास हवा. देव्हाऱ्यातील दुर्मीळ व शुभ मानला जाणारा दक्षिणावर्ती शंख या मोजणीने डावाच ठरतो, कारण पूजेतील शंख धरण्याची रीत याच्या उलट आहे.

देशी गोगलगायींचा मुख्य आहार कुजका पाला, बुरशी व शेवाळ हा होय. देशातील काही जाती भाजीपाल्यास उपद्रव देतात हे खरे. पाणथळ वाफ्यात कोवळ्या रोपांवर त्यांची धाड पडते. परंतु बहुतेक जाती पाचोळा बारीक करून मातीस मिळवितात आणि चुना एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी नेतात. काही जाती तर मांसाहारी असून दुसऱ्या गोगलगायींवर जगतात. मृगाच्या तोंडाशी झाडांवर लुकलुकणारे काजवे सर्वांना प्रिय. त्यांच्या अळ्या जमिनीवर गोगलगायी खाऊनच वाढतात, हे मात्र थोड्यांस ठाऊक असते. कुकुडकुंभा म्हणजे भारद्वाज पक्षीही गोगलगायींवर ताव मारतो. बागेतील सगळ्याच गोगलगायी विषाने मारल्या तर ही राखण करणारी मंडळीही उपाशी मरतील, किंवा विषारी भक्ष्य खाऊन मरतील.

माणसाच्या पायांनी आलेली गोगलगाय

ज्या गोगलगायीने मराठवाड्यात हाहाकार उडविला ती या देशाची नव्हे. लिसाकॅटिना फ्युलिका, पूर्वीच्या पुस्तकांतील आकॅटिना फ्युलिका, ही पूर्व आफ्रिकेच्या किनारी प्रदेशातील मूळ रहिवासी. तेथून ती मॉरिशस बेटावर गेली आणि 1847 मध्ये विल्यम हेन्री बेन्सन या सनदी अधिकाऱ्याने मॉरिशसहून काही जिवंत गोगलगायी कलकत्त्यास आणल्या. बेन्सन स्वतः शंखांचे जाणते अभ्यासक होते. चौरंगी भागातील एका बागेत त्या सोडल्या गेल्या आणि तेथून त्यांचा वंश वाढला. शत्रुत्वाने नव्हे, तर हौसेने आणलेल्या मूठभर प्राण्यांचे हे फळ आहे. पुढे 1900 मध्ये ती श्रीलंकेत पोहोचली, आणि आज भारताच्या बहुतेक ओल्या राज्यांत तिचे ठाणे आहे. मुंबई परिसरात ती जुनी रहिवासी असून केरळात अनेक जिल्ह्यांतील बागायतीस तिने त्रास दिला आहे.

देशी गोगलगायींच्या नकाशास डोंगर, पाऊस व माती यांच्या सीमा आहेत. या गोगलगायीच्या नकाशास सडका, रेल्वे व बंदरे यांच्या. ती चालत फार दूर जात नाही; तिला नेले जाते. रोपवाटिकेतील पिशवीच्या मातीत तिची अंडी असतात, शेणखताच्या गाडीत पिले असतात, गवताच्या भाऱ्यात, केळीच्या मुनव्यांच्या कांद्यात, चिऱ्यांच्या व विटांच्या ढिगात मोठ्या गोगलगायी दडलेल्या असतात. ती उभयलिंगी असल्यामुळे जोडीतील प्रत्येकीस अंडी घालता येतात. एका वेळी शंभर ते चारशे अंडी ती ओल्या मातीत घालते. ती एक-दोन आठवड्यांत फुटतात आणि अनुकूल हवेत पिले सहा महिन्यांच्या आसपास वयात येतात.

सात-आठशे मिलिमीटर पावसाच्या मराठवाड्यात तिने एवढा उच्छाद का मांडावा, असा प्रश्न कोकणातील शेतकऱ्यास पडणे साहजिक आहे. तेथील काळ्या जमिनीत चुनखडी विपुल असते. भेगाळणाऱ्या मातीत उन्हाळाभर दडून बसण्यास जागा मिळते. बागायतीच्या ओलिताने कोरडा काळ सुसह्य होतो आणि पावसाच्या प्रारंभी सोयाबीनच्या कोवळ्या रोपांचे एकसारखे ताट तिच्यापुढे मांडलेले असते. पाऊस अधिक म्हणून गोगलगाय अधिक, हा हिशेब अपुरा आहे. याच न्यायाने मालवण किनाऱ्याचा विचार केला, तर जांभ्याच्या आम्ल सड्यापेक्षा शिंपल्यांच्या चुऱ्याची किनारपट्टी, चुन्या-सिमेंटची बांधकामे, घरांभोवतीची परसे आणि बारमाही शिंपणाची कुळागरे येथे तिचा जम बसण्याचा संभव अधिक. पाहणी तेथूनच सुरू करावी.

ओळख

पूर्ण वाढलेल्या आफ्रिकी गोगलगायीचा शंख सामान्यतः पाच ते दहा सेंटिमीटर लांब असतो. क्वचित त्याहूनही मोठा सापडतो. तो शंकूसारखा, टोकदार, तपकिरी रंगाचा असून त्यावर पिवळसर उभे पट्टे असतात. वेढे सात ते नऊ. वळण उजवे. म्हणजे डावा शंख दिसला की ती आफ्रिकी नव्हे. तोंडावर टणक झाकण असले तरी नव्हे. शंख चपटा व गोल असला तरी नव्हे. लहान पिलांच्या बाबतीत घोटाळा होण्याचा संभव असतो. अशा वेळी दोन-चार नमुने झाकणाच्या डब्यात घालून कृषी सहायकास दाखवावे आणि मगच उपाय योजावा. अंडी ज्वारीच्या दाण्याएवढी, पिवळसर पांढरी असून मातीत दोन-तीन बोटे खोल पुंजक्याने सापडतात.

हिचा उपद्रव केळी, पपई, पानवेल, मिरवेल, झेंडू, भाजीपाला आणि सुपारीच्या रोपांस विशेष होतो. पानांस वेडीवाकडी भोके, रोपांचे जमिनीलगत कुरतडलेले बुंधे आणि सकाळी उन्हात चकाकणारी वाळलेल्या लाळेची रेघ ही तिच्या वावराची चिन्हे समजावीत.

कोकणच्या पावसात कोणते उपाय टिकतात

कोरड्या जिल्ह्यांसाठी दिलेल्या शिफारशी येथे जशाच्या तशा उचलून चालणार नाहीत. बांधावर चुन्याचा पट्टा ओढण्याचा सल्ला दिला जातो. कोरडी चुनाभुकटी गोगलगायीस सहन होत नाही हे खरे. परंतु मालवणच्या आषाढसरींत तो पट्टा दिवसभरही टिकत नाही आणि विरून गेलेला चुना तिच्या शंखालाच कामी येतो. शेतात मीठ फेकणे त्याहून वाईट. माडाच्या आळ्यात मीठ घालण्याची किनाऱ्यावर जुनी रीत आहे आणि माडास ते सोसते. परंतु सुपारी, केळी व भाजीपाल्याची जमीन त्याने बिघडते.

येथील खरा उपाय हाताने वेचण्याचाच आहे, आणि तो एकट्याने करून भागत नाही. लगतच्या सर्व परसांतून एकाच वेळी झाला पाहिजे. पहिल्या पावसानंतरचे दोन-तीन आठवडे फार मोलाचे, कारण सुप्तावस्थेतून उठलेल्या गोगलगायी अंडी घालण्यापूर्वीच हाती लागतात. संध्याकाळी गुळाच्या पाण्यात भिजविलेली गोणपाटे बागेत ठिकठिकाणी पसरावीत. शेजारी पपईची पाने ठेवावीत. पहाटे ऊन चढण्यापूर्वी त्यांखाली जमलेल्या गोगलगायी गोळा करून मिठाच्या किंवा साबणाच्या दाट पाण्याच्या बादलीत टाकाव्यात. मेलेल्या गोगलगायी उघड्यावर न टाकता बागेबाहेर खोल खड्ड्यात पुराव्यात. बादलीतील खारे पाणी रोपांच्या आळ्यात ओतू नये.

गोगलगायी उघड्या हाताने धरू नयेत. उंदरांच्या फुप्फुसांत वाढणाऱ्या एका कृमीची अळी त्यांच्या अंगात असू शकते. ती माणसाच्या पोटात गेल्यास मेंदूच्या आवरणास सूज येण्याचा धोका असतो. हातमोजे किंवा प्लॅस्टिकची पिशवी वापरावी, मुलांस हे काम सांगू नये आणि बागेतील पालेभाजी चांगली धुऊन शिजवूनच खावी.

कोळेरोगासाठी बोर्डो मिश्रण करण्याची सवय सुपारीच्या बागायतदारांस आहेच. त्यातील मोरचूद गोगलगायीस रुचत नाही. म्हणून बोर्डो पेस्टचा एक आडवा पट्टा केळी-पपईखेरीज इतर टणक बुंध्याच्या झाडांस लावावा.

मेटाल्डिहाइडच्या गोळ्या हा शेवटचा उपाय समजावा. अडीच टक्क्यांच्या दाणेदार औषधाचे एकरी दोन किलो हे प्रमाण ओलांडू नये. पाऊस उघडल्यावरच, संध्याकाळी, रोपांच्या रांगांमधून ते टाकावे. भर पावसात टाकलेले औषध व्हाळातून खाली विहिरीकडे जाते. कुत्री, गुरे व कोंबड्या या गोळ्या आवडीने खातात व त्यांस विषबाधा होते, तेव्हा त्या दिवशी ती बांधून ठेवावीत. देवराईच्या, व्हाळाच्या व जंगलाच्या कडेस हे औषध मुळीच वापरू नये; तेथे मरतील त्या देशी गोगलगायी, ज्यांचा मुलूख तेवढाच आहे.

एका गोगलगायीवर दुसरी सोडण्याचा मोहही टाळावयास हवा. हवाई बेटांवर आफ्रिकी गोगलगाय खाण्यासाठी 1955 मध्ये अमेरिकेतील एक मांसाहारी गोगलगाय आणून सोडण्यात आली. तिने आफ्रिकी गोगलगाय सोडून त्या बेटांवरील झाडांवर राहणाऱ्या दुर्मीळ देशी जातींचाच फडशा पाडण्यास सुरुवात केली; त्यांतील कित्येक आज नामशेष झाल्या आहेत.

ज्या बागेत आफ्रिकी गोगलगाय अद्याप आलेली नाही तेथे सर्वांत स्वस्त उपाय दारातच करता येतो. बाहेरगावाहून आणलेली रोपे थेट बागेत लावू नयेत. दोन-तीन आठवडे ती घराजवळ निराळ्या जागी, फरशीवर किंवा मोकळ्या कातळावर ठेवावीत. पिशवीच्या कडेची व तळाची माती हाताने मोकळी करून अंड्यांचा पुंजका आहे काय ते पाहावे. केळीचे मुनवे लावण्यापूर्वी कांद्यावरील माती पूर्ण धुऊन काढावी. शेणखत परजिल्ह्यातून येत असेल तर ते उन्हाळ्यातच आणून पसरून उन्हात वाळू द्यावे. चिऱ्यांची रास उतरविल्यावर तिच्याभोवती आठवडाभर रात्री विजेरी घेऊन फेरी मारावी. टोकदार, पट्ट्यांचा, उजव्या वळणाचा एक जरी शंख आढळला तरी त्या जागेभोवतीची माती उकरून अंडी नष्ट करावीत आणि त्याच दिवशी शेजारच्या बागायतदारांस व कृषी सहायकास कळवावे.